अर्ध्या गाण्यावरची शाल

शाल आणि नारळ एकत्र दिसले की अजून माझं डोकं फिरतं. परवा एका कार्यक्रमात कुणाचा तरी सत्कार सुरू झाला, तशी मी सरळ उठून बाहेर आले आणि पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. नवरा मागोमाग आला. म्हणाला, "अगं, किती दिवस हे धरून बसणार आहेस?" मी म्हटलं, "मरेपर्यंत." तो गाडीची किल्ली बोटात फिरवत माझ्याबरोबर उभा राहिला. माझा राग अडवायला जायचं नाही, एवढं त्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजलेलं आहे.

ज्यांच्यासाठी हा राग आहे, त्यांच्याबद्दल आधी सांगते.

अबू धाबीत खलिफा सिटीमधल्या एका शाळेत मी रिसेप्शनला बसते. शाळा सुटायच्या वेळी एक उंच, पांढऱ्या केसांची युरोपियन बाई नातवाला न्यायला यायची. बाहेर रस्ता भाजून निघत असला तरी तिच्या गळ्याला रेशमी स्कार्फ. आत आली की पहिल्यांदा मान वर करून एसीच्या जाळीकडे रागानं बघायची आणि वारा लागणार नाही असा कोपरा शोधून उभी राहायची. कुणाशी बोलणं नाही, हसणं नाही. मला ती शिष्ट वाटायची.

माझी मुलगी त्याच शाळेत. माझी ड्यूटी संपेपर्यंत ती कॉरिडॉरमध्ये वेळ काढायची, आणि वेळ काढायचा म्हणजे मोठ्यानं गायचं. एके दिवशी ही बाई माझ्या काउंटरवर आली. "ही कोण गाते?" मी कौतुकाच्या अपेक्षेनं म्हटलं, "माझी मुलगी." ती म्हणाली, "मानेतून श्वास घेते. कुणीतरी हिला थांबवलं पाहिजे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलणार, एवढ्यात ती म्हणाली, "उद्या शाळा सुटल्यावर माझ्या घरी घेऊन या." घराचा पत्ता सांगितला आणि नातवाचा हात धरून निघून गेली. विचारणं नाही, विनंती नाही, नुसता हुकूम.

घरी गेल्यावर नवऱ्याला तिचं बिल्ल्यावरचं नाव सांगितलं. त्यानं फोनवर शोधलं आणि जेवता जेवता थांबला. "अगं, ही बाई कोण आहे माहीत आहे का तुला?" फोनवर एकामागून एक फोटो. झगमगीत झगे, मुकुट, फुलांनी भरलेले रंगमंच, उभं राहून टाळ्या वाजवणारी माणसं. रुमानियाची ऑपेरा गायिका. मिलान, व्हिएन्ना, लंडन, न्यूयॉर्क, जगातल्या सगळ्या मोठ्या थिएटरांत गायलेली. आणि मी तिला रोज व्हिजिटरचा बिल्ला देत होते.

तेव्हापासून आमच्या घरात त्या 'बाई' झाल्या. आपल्याकडे मोठ्या गाणारणीला म्हणतात तशा.

बाईंचा मुलगा इथं विमान कंपनीत इंजिनिअर. त्याच्या व्हिलातली मागची खोली बाईंची. तिथं एक पियानो, एक पलंग आणि ओले टॉवेल. दिवाणखान्यातल्या एसीनं हवा कोरडी होते म्हणून दाराच्या फटीला, खुर्चीच्या पाठीवर, खिडकीत सगळीकडे ओले टॉवेल टांगलेले असायचे. पहिले कितीतरी महिने बाईंनी माझ्या मुलीला एकही गाणं शिकवलं नाही. फरशीवर उताणं झोपवायचं, पोटावर एक जाडजूड पुस्तक ठेवायचं, आणि ते श्वासागणिक वर यायला हवं. खांदे हलले की बाई ओरडायच्या. मुलगी सुरुवातीला रडायची. नंतर मात्र ती घरीही सोफ्यावर पोटावर डिक्शनरी ठेवून पडायला लागली.

ती आत पुस्तक उचलत असायची तेव्हा बाई आणि मी स्वयंपाकघरात. त्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड करायच्या, त्यांच्याकडचं रोजचं खाणं. मी घरून मिरचीचा ठेचा न्यायचे. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या म्हणाल्या, "हे इतकी वर्षं कुठं होतं?" मग बोलणं निघायचं. बाईंचं इंग्रजी तोडकं आणि माझं ऑफिसपुरतं, पण आमचं कधी अडलं नाही.

बाई एका खेड्यातल्या. वडील रेल्वेच्या फाटकावर कामाला, आई लोकांचे कपडे धुवायची. घर फाटकाला लागूनच. गाडी जायला लागली की घरात एकमेकांना हाक मारायची तर गाडीच्या वर आवाज काढावा लागायचा. "माझा पहिला गुरू मालगाडी," असं त्या म्हणायच्या. गावात कुणी वारलं की चर्चमध्ये गायला या पोरीला बोलवत. गाणं झालं की उकडलेले गहू मिळत, साखर आणि अक्रोड घातलेले. आपल्या गव्हाच्या खिरीच्या जवळपासचं काहीतरी. त्या गव्हांसाठी आपण गायला शिकलो, यात त्यांना काहीच लाजिरवाणं वाटत नसे. चर्चमधल्या गाण्याच्या मास्तरांनी वडिलांना समजावलं आणि तिला शिकायला राजधानीला पाठवलं.

पहिली नोकरी गावाजवळच्या शहरातल्या ऑपेरात. मुख्य गायिका आजारी पडली म्हणून हिला उभं केलं, आणि मग खाली बसवायची कुणाची हिंमत झाली नाही. आई गावाहून यायची, सगळ्यात वरच्या गॅलरीत मागं उभं राहून ऐकायची. बाई सांगायच्या, "मी गाताना कधी पुढच्या खुर्च्यांकडे बघितलं नाही. कायम वर, शेवटच्या रांगेच्या मागं. अजूनही तिथंच बघते."

त्या काळात त्यांच्या देशात एकाच माणसाचं राज्य. त्या साहेबांच्या वाढदिवसाला गाणारे, नाचणारे, सगळे ट्रकमध्ये घालून स्टेडियममध्ये नेत. एका वर्षी बाईंना गायला उभं केलं. गाणं अर्ध्यावर आलं आणि साहेब जायला उठले. साहेब उठले म्हणजे कार्यक्रम संपला पाहिजे. म्हणून एक अधिकारी धावत आला आणि गात असलेल्या बाईंच्या हातात लाल फुलांचा गुच्छ कोंबला. बाई थांबल्या. वाकून नमस्कार केला.

"मी थांबले," त्या मला म्हणाल्या होत्या. उकड ढवळताना हात थबकला होता. "तो मला गोळी घालणार नव्हता. नुसती फुलं होती. मी गात राहू शकले असते. पण मी थांबले, आणि हसलेसुद्धा."

पुढच्या परदेश दौऱ्यात त्या हॉटेलमधून बाहेर पडल्या आणि परत गेल्याच नाहीत. मागं त्यांचं नाव पोस्टरवरून खरवडलं गेलं, रेकॉर्डवरून पुसलं गेलं. आईला चौकशीला बोलावून तासन्‌तास बसवून ठेवत. जगभर टाळ्या पडत असताना आईला एक ओळ पाठवता येत नव्हती. आई गेली तेव्हा बाई कुठल्याशा थिएटरात मरणाऱ्या बाईची भूमिका करत होत्या. बातमी कळली ती पुष्कळ उशिरा, कुणाच्या तरी तोंडून. पुढं ते राज्य बुडालं, पण आईच्या बाबतीत त्याचा काय उपयोग?

तोवर बाईंचा दरारा सगळीकडे झाला होता. एका बड्या वाद्यवृंद-संचालकानं तालमीत ताल फार पळवला, तर बाई रंगमंचाच्या मधोमध मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पुढं व्हा, मी पायी येते." एकदा मागचा अख्खा पडदा कोसळला, त्या गात राहिल्या. एकदा विगला मेणबत्ती लागली, त्या गात राहिल्या. हे सांगताना त्या खुदुखुदु हसायच्या. मला त्यांचा तो माज मनापासून आवडायचा.

मग गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. आवाजाची नस दुखावली. बोलणं घोगरं झालं, गाणं बंद पडलं, नवरा आधीच गेला होता, म्हणून मुलाकडे इथं आल्या. गेल्या दोन-तीन वर्षांत गाणं हळूहळू परतलं होतं. सगळ्यात वरचा सूर सोडून. तोही घरी लागायचा, पण बाई त्याला मोजायच्या नाहीत. "घरी आवाज खोटं बोलतो," म्हणायच्या. "माणसांसमोर लागला तरच तो लागला."

आणि नेमकं या थंडीत त्यांना निमंत्रण आलं. त्यांच्या त्याच शहरातल्या ऑपेरातून, जिथलं त्यांचं नाव खरवडलं होतं आणि जिथं आई वर उभी राहायची. वसंतात एक संध्याकाळ. शेवटचा कार्यक्रम. बाईंनी मला हे स्वयंपाकघरात सांगितलं. होय म्हणायचं का नाही, हे थोड्याच दिवसांत कळवायचं होतं.

इथल्या आमच्या मराठी मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला होता. माझी मुलगी त्यात पहिल्यांदा गाणार होती. ते ऐकून बाई म्हणाल्या, "मीही एक गाऊ का?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्या गंभीर होत्या. "मला ओळखत नाहीत अशी माणसं हवी आहेत," त्या म्हणाल्या. "समीक्षक नकोत, वर्तमानपत्रं नकोत. पण माणसं हवीत. त्यांच्यासमोर तो सूर लागला तर मी आईच्या गॅलरीसमोर उभी राहीन. नाही लागला तर जाणार नाही."

जगातली केवढी मोठी गायिका, आणि स्वतःची परीक्षा घ्यायला तिनं आमचं मंडळ निवडलं. मी गाडी चालवत घरी आले ती हवेतच. अध्यक्षांना फोन केला. अध्यक्षांचा स्वतःचा कार्गोचा धंदा, माणूस हौशी, धावपळ्या, सगळ्यांच्या अडीअडचणीला उभा राहणारा. हे मी मुद्दाम सांगते आहे, नाहीतर तुम्ही म्हणाल मी त्याला राक्षस करते.

"वहिनी, क्या बात है! इंटरनॅशनल आर्टिस्ट आपल्या स्टेजवर!" अध्यक्ष म्हणाले. "डन. फॅशन शोनंतर आणि लकी ड्रॉच्या आधी स्लॉट टाकतो. मॅडमची काही रिक्वायरमेंट?"

बाईंच्या तीन अटी होत्या. गाण्यापुरता हॉलचा एसी बंद. माइक नको. आणि त्या स्वतः मान खाली घेईपर्यंत कुणीही स्टेजवर यायचं नाही. तिसरी अट मी दोनदा सांगितली.

"डन, वहिनी, डन," अध्यक्ष म्हणाले. "एकदम रिस्पेक्टफुली करू."

कार्यक्रम शनिवारी दुपारी एका इंडियन स्कूलच्या हॉलमध्ये. हॉल तुडुंब. पैठण्यांचा फॅशन शो झाला, माझी मुलगी गायली, बरी गायली. बाई विंगेत उभ्या राहून तिच्या बरगड्यांकडे बघत होत्या, चेहऱ्याकडे नाही. गाणं झाल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग एसी बंद झाला आणि बाई स्टेजवर गेल्या. काळा साधा झगा, गळ्याला स्कार्फ नाही. ऑपरेशनची रेघ स्पष्ट दिसत होती. पियानोवर आमच्या शाळेतली फिलिपिनो म्युझिक टीचर.

बाईंनी तोंड उघडलं आणि हॉलमधला वडापावच्या कागदांचा आवाज बंद झाला. माइक नसताना एका माणसाचा आवाज एवढा मोठा हॉल भरून टाकतो, हे आमच्यातल्या कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं. शेवटच्या खुर्चीपर्यंत तो येत होता, कानाशी बसून कुणी गावं तसा. गाणं इटालियन, घर सोडून निघालेल्या बाईचं. एक शब्द कळत नव्हता. माझ्या शेजारी विंगेत उभी असलेली लावणीची पोरं घुंगरं हातात धरून उभी राहिली, वाजू नयेत म्हणून. हे मी विसरणार नाही. आमच्या लोकांना ऐकता येत नाही असं कुणी म्हणू नये. त्यांना ऐकू द्यायला हवं होतं.

पण पहिल्या रांगेत प्रायोजक साहेब बसले होते. एसी बंद, साहेबांना उकडायला लागलं. त्यांनी रुमालानं मान पुसली, घड्याळ बघितलं, खुर्चीतून थोडे पुढं सरकले. तेवढं बघून समोरच्या विंगेत उभ्या असलेल्या अध्यक्षांचा जीव खालीवर झाला. गाण्यानंतर बाईंचा सत्कार साहेबांच्या हस्ते ठरला होता. साहेब निघाले तर? त्यांनी कुणाला तरी खुणावलं, ट्रे आला, आणि मी या बाजूनं बघते तर अध्यक्ष शाल उलगडून तयार. मी हातानं नाही नाही करत होते. त्यांनी मला हसून अंगठा दाखवला.

गाणं शेवटाकडे आलं. मला ते पाठ झालं होतं, मुलीला शिकवणीला घेऊन गेले की दारातून ऐकायचे. तिथं शेवटच्या चढणीवर पियानो थांबतो. सगळं शांत होतं. मग त्या शांततेतून बाई एकट्या, पियानोशिवाय, तो वरचा सूर घेतात. अगदी हळू. त्याच सुरासाठी हा सगळा खटाटोप होता.

पियानो थांबला.

आणि अध्यक्षांना वाटलं, झालं. निवेदिका माइकवर किंचाळली, "जोर-दा-र टाळ्या!" प्रायोजक साहेब जिना चढून वर, त्यांच्या पुढं शाल घेऊन अध्यक्ष, मागून ट्रे. "यल्ला, यल्ला," म्हणजे चला लवकर, असं अध्यक्ष फोटोग्राफरला म्हणत होते, ते मला या टोकापर्यंत ऐकू आलं. मी स्टेजवर धावले, पण मधे पियानो होता. मागून शाल बाईंच्या खांद्यावर पडली. नारळ हातात दिला. फ्लॅशच्या फैरी झडल्या. साहेबांनी बाईंचा हात हलवला आणि घाम पुसत खाली उतरले. फिलिपिनो टीचर दोन्ही हात पियानोच्या वर धरून तशीच बसून राहिली होती.

बाईंनी एकदा अध्यक्षांकडे बघितलं, एकदा नारळाकडे. मग हसल्या, आणि वाकून नमस्कार केला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. खऱ्या टाळ्या होत्या, प्रेमानं वाजवलेल्या. त्याचाच मला जास्त संताप आला. एसी सुरू झाला आणि निवेदिकेनं लकी ड्रॉचं पहिलं बक्षीस मायक्रोवेव्ह असल्याचं सांगितलं.

गाडीत बाई माझ्या शेजारी, नारळ मांडीवर, शाल अंगावर. मी बोलत सुटले होते. माफी मागत होते, शिव्या देत होते, सिग्नलवर हॉर्न वाजवत होते. बाई एवढंच म्हणाल्या, "चांगली माणसं आहेत." नारळ कशासाठी, असं विचारलं. मी म्हटलं, मानाचा असतो, काही नवीन सुरू करताना फोडतात. त्यांनी नारळ कानाशी नेऊन हलवून बघितला.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांना फोन लावला.

"वहिनी, तुम्ही थोडं ओव्हररिअ‍ॅक्ट करताय," अध्यक्ष म्हणाले. "गाणं खलास झालं असंच वाटलं ना सगळ्यांना."

"तुम्ही खलास व्हायच्या आधीपासून शाल उघडून उभे होता. मी बघितलंय."

"साहेबांना उकडत होतं हो. ते गेले असते तर पुढच्या वर्षीचा हॉल कुणाच्या जिवावर घ्यायचा? आणि आपण रिस्पेक्टच दिला ना? शाल रोल्लावरून खास मागवली होती, शारजाहला माणूस पाठवून. लोकल नाही ती."

"त्यांचा सूर राहिला."

"कुठला सूर?"

मी फोन कापला आणि स्वयंपाकघरात भांडी आपटत बसले. आपल्याला कलाकाराचं कौतुक फार. एवढं की कला मधे आलेली आपल्याला चालत नाही. शाल घाला, नारळ द्या, फोटो काढा, दोन शब्द बोला म्हणा, आणि ज्यासाठी माणूस आला ते तेवढं आवरतं घ्या! मी हे नवऱ्याला ऐकवलं तर तो म्हणाला, "त्यांच्या मनात वाईट नव्हतं गं." माहीत आहे. वाईट असतं तर बरं झालं असतं, सरळ भांडता आलं असतं.

पुढच्या शिकवणीला गेलो तेव्हा पियानोवर नारळ ठेवलेला, शाल नीट घडी करून खुर्चीवर. बाई शांत होत्या, आणि तेच मला बघवेना.

"मी ऑपेरावाल्यांना 'नाही' म्हणून कळवणार आहे," त्या म्हणाल्या. "परवा कळवेन."

"का? तुम्हाला गाऊच दिलं नाही आम्ही!"

"तसं नाही." त्यांनी माझ्यासमोर उकडीची बशी ठेवली. "मी त्याला येताना बघितलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून. मला हवं असतं तर शाल अंगावर घेऊनही मी गायले असते. विग जळत असताना गायलेय मी. पण मी थांबले, कारण मला बरंच वाटलं, तो सूर घ्यावा लागला नाही म्हणून. स्टेडियममध्ये थांबले होते तशीच. मी थांबणारी बाई आहे. माझं उत्तर मला मिळालं."

मी वाद घातला. हात जोडले. शेवटी चिडून म्हटलं, "तुमचं असं बोलणं मला पटत नाही." त्या म्हणाल्या, "तू विंगेत होतीस. मी माझ्या आत होते." मी मुलीला घेऊन तडक निघाले. आता राग नुसता अध्यक्षांचा नव्हता, बाईंचाही आला होता. अख्ख्या जगाशी भांडलेली बाई आणि आमच्या कार्गोवाल्यासमोर हार मानते!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आले. शेकड्यांनी. मी फोन उलटा करून ठेवला. मुलगीच तिच्या खोलीतून ओरडत आली. "आई, लुक! लुक अ‍ॅट धिस!"

फोटोग्राफरनं घाई केली होती. शाल अजून हवेतच आहे. अध्यक्ष बाईंच्या मागं, हात वर, खुशीत. बाई पुढं, तोंड किंचित उघडलेलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'मॅडमची स्माइल किती गोड.'

"शी इज नॉट स्मायलिंग," मुलगी म्हणाली. तिनं बोटांनी फोटो मोठा केला. "सी हर रिब्ज? शोल्डर्स डाउन. शी हॅज ऑलरेडी टेकन द ब्रेथ, आई."

इतके महिने फरशीवर पोटावर पुस्तक घेऊन पडलेली पोर. तिला जे दिसलं ते मला तिनं बोटानं दाखवलं. बरगड्या पूर्ण उघडलेल्या, खांदे खाली, हनुवटी सैल. आणि डोळे. डोळे वर, हॉलच्या अगदी मागं, शेवटच्या रांगेच्याही वर. अध्यक्ष तर त्यांच्या पाठीमागं होते. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतील अशा जागी ते नव्हतेच.

मी गॅस बंद केला. पायात चपला सरकवल्या. नवरा विचारत होता कुठं चाललात, त्याला उत्तर न देता आम्ही निघालो.

बाईंनी दार उघडलं. मी फोन पुढं धरला. मुलीनंच पुढं होऊन फोटो मोठा करून दिला. बाईंनी चष्मा शोधला. फोन दिव्याखाली नेला. बघत राहिल्या. एकदा स्वतःच्या बरगड्यांवर हात ठेवून बघितला, जणू तो श्वास अजून तिथं असेल.

"मी श्वास घेतला होता," त्या म्हणाल्या.

"पूर्ण," मुलगी म्हणाली.

"मी त्याला बघितलं नव्हतं."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही वर बघत होता."

बाईंचा चेहरा लाल होत गेला. गळ्यावरची ती ऑपरेशनची रेघ पांढरी दिसायला लागली. "म्हणजे मी थांबले नाही," त्या म्हणाल्या. मग ओरडल्या, "मला थांबवलं! मी घाबरले नव्हते. त्यांनी माझ्याकडून तो हिसकावून घेतला!" आणि मग त्यांच्या भाषेत असं काही सुरू झालं की नातू जिन्यात येऊन उभा राहिला. एक शब्द मला कळला नाही, पण इतके दिवस मी एकटी चिडत होते आणि आता कुणीतरी माझ्याबरोबर चिडत होतं, याचं मला काय सुख झालं ते कसं सांगू! अध्यक्षांना, प्रायोजकांना, आणि मला वाटतं स्टेडियममधल्या त्या अधिकाऱ्यालाही, सगळ्यांना एका दमात. घोगरा आवाज कुठल्या कुठं गेला होता.

त्यांनी शाल खुर्चीवरून ओढली आणि कोपऱ्यात भिरकावली. फोन उचलला, उभ्यानंच कुणाला तरी लावला. पलीकडचा माणूस काहीतरी समजावत असावा, कारण बाईंनी त्याला मधेच तोडलं. "डा," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, "डा. डा!"

मुलीनं माझा हात घट्ट धरला. "आई, डा मीन्स येस."

फोन ठेवल्यावर बाईंनी पियानोवरचा नारळ उचलला आणि मला विचारलं, "हा कुठं फोडायचा?" मी त्यांना दाराबाहेरची पायरी दाखवली. पहिल्या घावात फुटला नाही. दुसऱ्या घावाला पाणी सगळ्यांच्या पायावर उडालं. आम्ही तिथंच उभ्या उभ्या खोबरं खाल्लं.

बाईंचा कार्यक्रम येत्या वसंतात आहे. सूर लागेल की नाही ते त्यांना माहीत नाही, मलाही नाही. त्या रोज तालीम करतात आणि एसीला शिव्या देतात.

काल अध्यक्षांचा मेसेज आला. 'वहिनी, मॅडमचा शाल घालतानाचा फोटो काय सुपर्ब आलाय. हसरा चेहरा. मोठा फ्रेम करून मंडळाच्या ऑफिसात लावतोय.'

मी तो फोटो पुन्हा एकदा मोठा करून बघितला. मग उत्तर पाठवलं. 'जरूर लावा. पण त्या हसत नाहीयेत. त्या गायला लागल्या होत्या.'